सतरावा गार

कासम मास्तरांचा उजवा हात नेहमी सदऱ्याच्या खिशात असे. नव्या माणसाला वाटे, खिशात काहीतरी हरवलंय आणि मास्तर ते चाचपतायत. प्रत्यक्षात ते लिहीत असत. बोटभर पेन्सिल, उत्तरपत्रिकांची कोरी पानं कापून केलेल्या चिठ्ठ्या, आणि न बघता खिशातल्या खिशात लिहायची वर्षानुवर्षं घोटलेली कला. समोरचा माणूस बोलत असायचा, मास्तर मान डोलवत असायचे, आणि खिशात त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरत असायचं. अक्षर अर्थातच भयंकर. घरी जाऊन ते नीट उतरवून काढायचे, आणि कधीकधी आपलंच लिहिलेलं लागत नाही म्हणून माझ्याकडे घेऊन यायचे. मी विज्ञान शिकवायचो, म्हणजे मला डॉक्टरांचं अक्षर वाचता येत असणार, असा त्यांचा हिशेब होता.

पूर्ण नाव कासम नदाफ. मंगळवार पेठेत त्यांच्या थोरल्या भावाचं, हुसेनभाईंचं, गादीचं दुकान होतं. साठीच्या दशकाच्या अखेरीला मी चंदगडहून नोकरीसाठी कोल्हापुरात आलो तो त्याच दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहिलो. मास्तर आणि मी एकाच शाळेत. ते मराठी व्याकरण शिकवायचे, आणि वर्गात त्यांची भाषा इतकी सोवळी असायची की तपासणीला आलेले साहेबही जपून बोलायचे. शाळेचा उंबरा ओलांडला की तोच माणूस "काय वो, कुठं गेलतासा?" करत पेठेतून चालायला लागायचा. घरात भावाशी दखनी. यातली तुमची खरी भाषा कुठली, असं मी एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, "गावडे सर, तुमचं खरं कापड कंचं? धोतार का पँट?" मी पुन्हा विचारलं नाही.

चिठ्ठ्या ते वहीत चिकटवत नसत. दुकानातलं दाभण घ्यायचे, गादी टाचायचा जाड दोरा ओवायचे आणि एकेका शब्दाच्या चिठ्ठ्यांची माळ करायचे. त्यांच्या खोलीच्या भिंतीला खुंट्याच खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एकेका शब्दाची माळ. पंखा लावला की सगळी भिंत फडफडायची, म्हणून ते उन्हाळ्यातही पंखा लावत नसत. या माळांतली सगळ्यांत लांब माळ होती 'गार' या शब्दाची. साधा थंडीवाऱ्यातला शब्द. तो त्यांना दुकानातच सापडला. दिवाळी सरली, पहिला गारठा पडला की रजया भरून घ्यायला दुकानात रांग लागायची, आणि रांगेतले लोक थंडीबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल 'गार' म्हणायचे. कुणाचा बाजार गार होता. कुणाचा जावई बोलायला गार होता. एखादीला नातू झाला म्हणून तिचं काळीज गार झालं होतं. रजईचं माप द्यायला आलेली माणसं बोलून निघून जायची, आणि मास्तर भावाच्या मागं कापसाच्या गठ्ठ्यावर बसून खिशात खरडत राहायचे.

मला हा सगळा प्रकार अशास्त्रीय वाटायचा, आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. गार म्हणजे उष्णता कमी असणं, ती मोजता येते, संपला विषय. एकदा स्टाफरूममध्ये यावरून जुंपली तेव्हा मास्तर म्हणाले, उद्या तुमचा तापमापक घेऊन माझ्या तासाला या. गेलो. त्यांनी तीन भांड्यांत पाणी ठेवलं होतं. माठातलं, नळाचं आणि सकाळपासून उन्हात ठेवलेलं. मुलांना एकेक करून बोलावलं, बोट बुडवायला लावलं आणि विचारलं, गार कुठलं? पेठेतल्या पोरांनी माठाकडे बोट दाखवलं. शेवटी एक मुलगा उठला, गुऱ्हाळात उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीवर काम करणाऱ्या बापाचा. त्यानं तिन्हीत बोट घातलं आणि सरळ सांगितलं, "तिन्ही गारच हायत की, सर. काहिलीत कुठं हाय ह्ये?" मी तापमापक खिशात ठेवला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण त्यांची मिशी हालत होती.

त्यांच्या या उद्योगाला कायदे होते आणि ते शाळेच्या नियमांपेक्षा कडक होते. पहिला कायदा, अर्थ कुणाला विचारायचा नाही. विचारलं की माणूस शहाणा होतो आणि शहाणा माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं मत. दुसरा कायदा दोन तोंडांचा. एक अर्थ दोन वेगळ्या गावच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडून, आपण न सुचवता ऐकायला मिळाला तरच तो माळेत. एकाच तोंडाची चिठ्ठी दाराजवळच्या वेगळ्या खुंटीला लटकायची. त्या खुंटीला ते 'उमेदवार' म्हणत, आणि नव्यानं लागलेल्या शिक्षकांना ती दाखवून खूश होत. काही चिठ्ठ्या दहा-दहा वर्षं उमेदवारी करत होत्या. तिसरा कायदा, चिठ्ठीवर बोलणाऱ्याचं नाव आणि गाव आलंच पाहिजे. शब्द काय हवेतनं पडतो का, कुणीतरी बोललेला असतो, असं ते म्हणत.

दुसऱ्या तोंडासाठी हा माणूस कुठंही जाऊन बसायचा. कुस्तीत चीतपट केल्याला 'गार केला' म्हणतात हे त्यांनी एका मुलाच्या तोंडून ऐकलं होतं. आता दुसरं तोंड पाहिजे म्हणून ते रोज सकाळी एका तालमीच्या हौद्याजवळ जाऊन बसायला लागले. वस्तादांना वाटलं, शाळेतला कुणीतरी पोरगा इथं येतोय म्हणून मास्तर तक्रार घेऊन आलेत. ते रोज दुधाचा पेला पुढं करायचे आणि रोज विचारायचे, "कुणाचं नाव हाय, मास्तर, सांगून टाका." मास्तर रोज दूध प्यायचे आणि काही नाही म्हणायचे. अकराव्या दिवशी एका सांगलीकडच्या गड्यानं समोरच्याला धोबीपछाड मारली आणि मातीतूनच ओरडला, "गार केला का न्हाई?" मास्तर उठले, त्या गड्याचं नाव-गाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. पुढं कितीतरी दिवस वस्ताद मला रस्त्यात गाठून विचारत होते की शेवटी मास्तरांचं काय काम होतं.

पण ही हाव त्यांना एकदा लाजवून गेली. पेठेतले एक वयस्कर शिंपी वारले. आम्ही दोघे भेटायला गेलो. त्यांची बायको सगळं सांगत होती, सकाळी चहा कसा मागितला, उठताना तोल कसा गेला. म्हणाली, "त्येंनी हाक मारली तसं माझं हातपाय गार पडलं बगा." आणि माझ्या डोळ्यांदेखत मास्तरांचा हात खिशात गेला. त्या बाईनंही ते बघितलं. मास्तरांनी हात बाहेर काढला आणि पूर्ण वेळ मांडीवर ठेवला. तेराव्यानंतर ते एकटेच पुन्हा तिच्याकडे गेले आणि आपण काय करत होतो ते सांगून माफी मागितली. बाईंना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "मग लिवा की. पर माझं नगो, त्येंचं नाव घाला. त्येंनी हाक मारली म्हणूनच तर." ती चिठ्ठी मी बघितली आहे. बोलणाऱ्याच्या जागी दोन नावं, तिचं आणि त्यांचं, असलेली तेवढी एकच.

ही गोष्ट पेठेत पसरली आणि चिठ्ठीवर नाव असणं ही एक प्रतिष्ठा होऊन बसली. भाजीवाली, न्हावी, देवळाचा गुरव, सगळ्यांना आपापली चिठ्ठी कुठल्या माळेत आहे ते पाठ. नव्हती ती एका माणसाची. दुकानासमोर दत्तोबाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार टेबलं, एक भट्टी आणि मिसळ. मास्तर गेली वीस वर्षं शाळेत जाताना आणि येताना दत्तोबाकडे चहा पीत आले होते. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे, बोलणं मात्र फारसं नसे. आणि दत्तोबाची अडचण अशी की तो जे बोलायचा ते आधीच कुणीतरी बोलून गेलेलं असायचं. "मास्तर, च्या गारढोण झाला की," म्हणाला तर मास्तर म्हणायचे, "हाय हाय, कवाच हाय." दत्तोबाचं तोंड पडायचं. मीसुद्धा त्याला चिडवायचो, की वीस वर्षं मास्तरांना चहा पाजून तुला एक चिठ्ठी मिळाली नाही.

चिडवायला नको होतं. एक दिवस चहा ओतता ओतता दत्तोबा सहज बोलावं तसं बोलला, "त्या अमक्याजवळ बोला बिनधास्त. लई गार माणूस हाय. पोटातलं व्हटावर येत न्हाय." मास्तरांचा हात खिशात गेला. गार म्हणजे ज्याच्याजवळ बोललेलं पुढं जात नाही असा माणूस. हा अर्थ त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. चिठ्ठी उमेदवारांच्या खुंटीवर गेली, आणि दोन महिन्यांनी कुरुंदवाडला एका लग्नाला जाताना एस.टी.च्या ड्रायव्हरनं शेजारच्याला नेमकं तेच ऐकवलं. ह्यो कंडक्टर गार हाय, बोल काय बोलायचं त्ये. मास्तर लग्नात जेवले की नाही कुणास ठाऊक, परत आले ते थेट माझ्या माडीवर. "सतरावा," म्हणाले. तोपर्यंत सोळा होते.

त्याच सुमाराला शहरातल्या एका वार्षिकाच्या संपादकांनी मास्तरांकडून लेख मागवला. मोठे विद्वान गृहस्थ, शिस्तीचे. त्यांनी सांगितलं, एका शब्दावर लिहा, पुरावे द्या, पसंत पडलं तर भिंतीवरच्या सगळ्या माळांचं पुस्तक करू. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या भिंतीकडे पुस्तक म्हणून बघत होतं. मास्तर वरून शांत होते, पण रोज सकाळी दाढी करायला लागले. लेख गेला, पसंत पडला, आणि संपादकांनी पत्रात सतराव्या अर्थाचं खास कौतुक केलं. थंडी मनातून वर्तनात आणि वर्तनातून विश्वासात कशी गेली, असं काहीतरी. ते पत्र मास्तरांनी मला तीनदा वाचून दाखवलं. हुसेनभाईंना मराठी नीट वाचता येत नसूनही त्यांनी ते दुकानात काचेखाली लावलं.

लेखाची मुद्रितं तपासायला आली त्या दिवशी दुपारी दत्तोबानं मला भट्टीजवळ बोलावलं. घाम पुसत होता. "सर, तुमी गार हायसा म्हणून सांगतो," म्हणाला, "त्यो गार माझा हाय." मला कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. तो अर्थ त्यानं भट्टीसमोर बसून तयार केला होता. दोन तोंडांचा कायदा त्याला माहीत होता, म्हणून त्यानं एस.टी.त ड्रायव्हर असलेल्या मेव्हण्याला पढवलं, मास्तर कुठल्या गाडीनं जाणार ते कळवलं, आणि त्यानं ते काम चोख केलं. दत्तोबाला वाटलं होतं, एक चिठ्ठी लागेल, माळेत जाईल, कुणाचं काय जातंय. छापून येणार, थोरामोठ्यांच्या हाती जाणार, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "मास्तरास्नी सांगू नगासा," म्हणाला. मी म्हटलं, मी सांगत नाही, तूच सांगणार आहेस. तेवढ्यातही माझ्या लक्षात आलं होतं की तो स्वतःचा शब्द स्वतःच सहज वापरायला लागलाय, पण ती वेळ ते बोलायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बरोबर गेलो. दत्तोबानं चहा ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मास्तर ऐकत होते. हात टेबलावर होते, दोन्ही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "कुरुंदवाडचा डायवर?"

"माझा मेव्हणा, मास्तर."

"त्येनं नाव खरं सांगितलं का?"

"व्हय."

मास्तर उठले. चहा तसाच होता. सायकल काढली आणि शाळेच्या उलट्या दिशेला, संपादकांच्या घराकडे गेले. त्या दिवशी त्यांचे दोन तास मी घेतले. व्याकरण मला येत नाही, म्हणून पोरांना मी उष्णतेचं वहन शिकवलं.

संपादकांनी जे केलं त्यात त्यांची चूक नव्हती. ते म्हणाले, एक पुरावा बनावट निघाला म्हणजे बाकीचेही नव्यानं तपासावे लागतील, अंक तेवढा थांबू शकत नाही. लेख मागं आला. पुस्तकाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी रागावून म्हटलं, गुपचूप तेवढा परिच्छेद गाळला असता तर कुणाला कळणार होतं? मास्तर म्हणाले, "दत्तोबाला." बस. त्या रविवारी ते दिवसभर भावाच्या शेजारी बसून कापूस पिंजत होते. हुसेनभाईंनी त्यांना एकदाही उठ म्हटलं नाही.

मास्तर चिडले नाहीत, ओरडले नाहीत, पेठेत कुणाजवळ बोलले नाहीत. फक्त दत्तोबाकडे जायचे थांबले. रस्त्याची बाजू बदलली. वीस वर्षांची दोन वेळची चहाची सवय त्यांनी एका दिवसात मोडली आणि घरून पिऊन यायला लागले. दत्तोबा रोज मला विचारायचा, "मास्तर काय म्हणत्यात?" तो अर्धा झाला होता. त्याच्या मिसळीचा तिखटपणा गेला असं लोक म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. मला या दोघांचा मनापासून राग यायचा. एकाचा मूर्खपणाबद्दल आणि दुसऱ्याचा हट्टाबद्दल. आणि थोडा माझाही, चिडवल्याबद्दल.

दोन वर्षं अशी गेली. एक दिवस शाळेतून आलो तर मास्तर माझ्या माडीच्या जिन्यात बसलेले. चेहरा बदललेला. म्हणाले, दुपारी दुकानात कागलकडची एक बाई लग्नाची गादी सांगायला आली होती. कोल्हापुरात चार वर्षांनी आलेली. थोरल्या सुनेचं सांगत होती. "काय म्हणली सांगू? थोरली लई गार हाय, घरातलं कंदी भायेर जात न्हाय." मास्तरांनी ते मला दोनदा म्हणून दाखवलं. दत्तोबाचा, भट्टीसमोर जुळवलेला, खोटा शब्द एका अनोळखी बाईच्या तोंडात जाऊन बसला होता. कसा गेला कुणास ठाऊक. हॉटेलात येणारी गिऱ्हाइकं, मेव्हण्याबरोबरचे ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांच्या गाड्या, त्यांची गावं. मास्तरांनी तो दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं माळेतून काढून टाकला होता.

मी म्हटलं, चला दत्तोबाकडे. मास्तर म्हणाले, "येकच तोंड झालं."

मी म्हटलं, दुसरं माझं घ्या, मी स्वतः दत्तोबाच्या तोंडून ऐकलाय, आता मीही बोलतो. ते म्हणाले, "तुमचं तोंड बाद. तुमाला सगळं ठावं हाय." पेठेतली सगळी तोंडं बाद. कुरुंदवाड बाद, मेव्हण्यामुळं. मग म्हणाले, "तुमचं गाव कसं हाय? थितं दत्तोबाचं कोण न्हाय न्हवं?" दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना चंदगडला घेऊन गेलो.

चंदगडकडची भातकापणी चालू होती. आमच्या वहिनींना मास्तर आले याचा आनंद, पण हा पाहुणा दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून नुसता ऐकतो याचं कोडं. मी चार वेळा बोलणं त्या दिशेला वळवायचा प्रयत्न केला. अमका माणूस भरवशाचा आहे का, असं विचारून बघितलं. मास्तर माझ्याकडे असे बघायचे की मी गप्प. सुचवून काढलेलं तोंड बाद. तीन दिवसांत वहिनी थंडीचं गार बोलल्या, जेवणाचं बोलल्या, एकदा रागानं दादांना "गार बसा की जरा" म्हणाल्या. ते सगळे अर्थ मास्तरांकडे होते. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मास्तर खिडकीतून बघत होते. "न्हाईच म्हणायचं मग," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

गाडी गच्च भरलेली. पुढं एका फाट्यावर दोन बायका चढल्या आणि आमच्या समोरच्या बाकावर बसल्या. एकीला दुसरीजवळ घरातलं काहीतरी बोलायचं होतं. तिनं सुरुवात केली आणि मागं वळून आमच्याकडे बघून थांबली. दुसरीनंही वळून बघितलं. मला न्याहाळलं. मग मास्तरांना न्याहाळलं, पांढरी मिशी, टोपी, खिशातला हात. आणि म्हणाली, "बोल गं तू. हा म्हातारा गार दिसतोय. कुणाला सांगाय जाणार हाय?"

मास्तरांनी डोळे मिटले. खिशात हात हालताना मला दिसला. नंतर त्या बायका काय बोलल्या ते आम्ही दोघांनीही ऐकलं, पण चिठ्ठीवर त्यातलं एक अक्षर नाही, आणि मीही इथं लिहिणार नाही. त्यांचा थांबा आला तसे मास्तर त्यांच्यामागे उतरले. मलाही उतरावं लागलं. नाव आणि गाव विचारलं तेव्हा ती बाई घाबरली, तिला वाटलं हा म्हातारा सासरी निरोप धाडणार. मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहून पाऊण तास तिला चिठ्ठी म्हणजे काय ते समजावत होते. शेवटी तिनं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, "नीट लिवा." गाडी गेली होती. पुढची गाडी मिळेपर्यंत आम्ही पाच मैल चाललो, आणि त्या पाच मैलांत मास्तर जितके बोलले तितके दहा वर्षांत बोलले नव्हते.

पुढल्या जूनमध्ये माझी बदली झाली. मास्तरांचं पुस्तक झालं नाही. निवृत्तीनंतर ते दुकानातच बसायचे असं ऐकत होतो. भेट अधूनमधून होत राहिली, पण मला ते आठवतात ते चंदगडहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी, शाळेला जाताना.

त्या सकाळी त्यांनी रस्त्याची बाजू बदलली नाही. सरळ दत्तोबाच्या हॉटेलात शिरले. मी मागं. दत्तोबा कपबशा विसळत होता, त्याचे हात तसेच पाण्यात राहिले. मास्तरांनी टेबलावर एक चिठ्ठी ठेवली, रात्रीतून सुवाच्य अक्षरात लिहिलेली. शब्द, अर्थ, कागलकडच्या बाईचं वाक्य, गाडीतल्या बाईचं वाक्य, दोघींची नावं आणि गावं. त्याखाली आणखी एक ओळ होती, जी मी त्यांच्या कुठल्याच चिठ्ठीवर पाहिली नव्हती. पहिल्यांदा बोलणारा, आणि पुढं दत्तोबाचं वडिलांसकट पूर्ण नाव.

"सोळा अर्थ हायत माझ्याकडं," मास्तर म्हणाले. "त्ये पयल्यांदा कोण बोललं, येकाचंबी नाव मला ठावं न्हाय. कुणालाच ठावं न्हाय. ह्या येकाचं ठावं हाय."

दत्तोबानं हात पंच्याला पुसले. पुन्हा पुसले. चिठ्ठीला बोट लावायचा त्याला धीर होत नव्हता. वाकून त्यानं स्वतःचं नाव वाचलं, ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखं.

"खोटं हुतं की वो त्ये, मास्तर," तो म्हणाला.

"हुतं," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.